हाताच्या पाठीवरची सुपारी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या सागरतीर संगीत विद्यालयाचे कार्याध्यक्ष माननीय अजेयराव म्हात्रे, व्यासपीठावर विराजमान असलेले आपल्या पियानोचे दाते आदरणीय महादेवशेठ, आजच्या सत्कारमूर्ती आणि माझ्या सहकारी कुमुदबाई वर्तक, सूत्रसंचालन करणाऱ्या श्रद्धाताई, समोर जमलेले रेवदंडा-चौलचे रसिक, पालक, आजी-माजी विद्यार्थी, आणि मागे दाराशी आत यावं की नाही अशा विचारात उभी असलेली मंडळी, सर्वांना माझा नमस्कार. मागच्यांनो, या की आत. पहिली रांग रिकामी आहे. आपल्याकडे पहिल्या रांगेत बसायला सगळ्यांना भीती वाटते, जणू तिथून कोणी प्रश्नच विचारणार आहे.

मी दयाराम घरत. इथे पेटी शिकवतो. मला श्रद्धाताईंनी सांगितलंय, गुरुजी, दोन शब्द बोला आणि गोड बोला. बोलतो. मला साखरेचा आजार आहे, त्यामुळे गोडाची जरा सवय मोडली आहे, एवढं सांभाळून घ्या.

कुमुदबाई मूळच्या आपल्या चौलच्या. लग्न होऊन मुंबईला गेल्या, वांद्र्याला एका म्हाताऱ्या ख्रिस्ती बाईंकडे पियानो शिकल्या, तिथेच पुढे शिकवत राहिल्या आणि यजमान गेल्यावर माहेरच्या गावी परत आल्या. तेव्हा आपल्या विद्यालयात पियानो येऊन थोडेच दिवस झाले होते. वाजवणारं कोणी नव्हतं. उद्घाटनाला मीच त्यावर एक आरती वाजवली होती, एका हातानं. दुसरा हात सवयीनं भाता शोधत होता. लोक हसले होते, आठवत असेल.

हा पियानो कसा आला तेही सांगायला हवं. महादेवशेठचे धाकटे बंधू कुशल आपल्या सगळ्यांचे लाडके होते. अलिबागच्या ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचे. वय नव्हतं जाण्याचं, पण काविळीचं निमित्त झालं आणि गेले. मागे बायको नलू आणि लहान मुलगी. शेठनी भावाच्या स्मरणार्थ मुंबईहून जुना पियानो आणवला. त्यावर पितळी पाटी आहे. भावावर त्यांचं प्रेम होतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. हे मी मुद्दाम आधी बोलून ठेवतो.

तर कुमुदबाई आल्या. पहिलं काम काय केलं? पियानोच्या पोटात एक बल्ब लावला. मी म्हटलं, बाई, देव बसवताय का आत? म्हणाल्या, खाऱ्या हवेनं तारा गंजतात, लाकूड फुगतं, आत जरा ऊब हवी. दुसरं काम, सुतारकाम करणाऱ्या बुधाजीकडून लाकडी पाट करून घेतले. लहान मुलांचे पाय स्टुलावरून लोंबकळतात, त्यांच्या पायांखाली द्यायला. मी म्हटलं, बाई, वाजवायचं हातानं ना? त्या म्हणाल्या, दयाराम, पाय टेकलेले नसतील तर पाठ घाबरते. पाठ घाबरली की खांदा आखडतो, आणि खांदा आखडला की बोटात उरतं काय? नुसतं हाड.

महिनाभर त्यांनी मुलांना पट्टीला हात लावू दिला नाही. उभं राहा, हात सोडा, ओल्या टॉवेलासारखे लोंबू द्या, झुलवा. मग बाई स्वतःचा तळवा पुढे करायच्या आणि म्हणायच्या, "दे मला हात." मूल त्यावर हात ठेवायचं. बाई म्हणायच्या, "ठेवलास. दिला नाहीस अजून." कारण ते मूल हात स्वतःच उचलून धरून असायचं. सगळा भार बाईंच्या तळव्यात सोडला पाहिजे, इतका की बाईंनी तळवा काढला तर हात धपकन खाली पडला पाहिजे. ऐकायला सोपं आहे. घरी करून बघा. आपण मोठी माणसं तर कोणालाच हात देत नाही, नुसता ठेवतो.

पालकांत कुरकुर झाली. बंदरावरच्या ठमीआजी इथे याच दारात येऊन मला म्हणाल्या होत्या, "गुरुजी, माजा नातू हात हलवाया शिकाया हितं कशाला येल? त्यो तं घरी बी दिसभर हातच हलवतंय, काम काय करीत न्हाय!" आजी, तुम्ही आज आला आहात, मला दिसताय. त्याच नातवाला पुढे वाजवताना ऐकून तुमच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते पण मी पाहिलंय.

मी पेटीवाला माणूस. पेटीची पट्टी हळू दाबा नाहीतर ठोसा मारा, सूर तोच. जीव सगळा भात्यात. त्यामुळे मला आधी हा सगळा प्रकार थोतांड वाटायचा. एकदा बाईंनी मला शेजारी बसवलं आणि तोच एक सूर तीनदा वाजवला. एकदा बोटानं दाबून, एकदा मनगटानं झटकून, आणि एकदा पाठीतून सगळा हात अलगद टेकवून. काय सांगू तुम्हाला! पहिला सूर तक्रार करत होता, दुसरा भांडत होता, आणि तिसरा माझ्याशी बोलला. मग त्या म्हणाल्या, "तुमचा सूर भात्यावर जगतो, दयाराम. माझा जन्मला की लगेच मरायला लागतो. म्हणून त्याला जन्म देतानाच काय द्यायचं ते द्यावं लागतं. नंतर काही करता येत नाही."

हे वाक्य मला तेव्हा नुसतं छान वाटलं होतं.

श्रद्धाताई, चिठ्ठी मिळाली. "गुरुजी, आटोपतं घ्या." घेतो. पण आता मी मूळ मुद्द्याशी आलो आहे आणि मुद्दा काही गोड नाही. कुमुदबाई वयोमानानं निवृत्त होत आहेत असं निमंत्रणपत्रिकेत छापलंय. मंडळी, त्या निवृत्त होत नाहीत. त्यांना सांगण्यात आलं, की पोलिसांत दिलेला जबाब मागे घ्या किंवा विद्यालय सोडा. त्या विद्यालय सोडत आहेत. हे तुम्हा प्रत्येकाला ठाऊक आहे. एकमेकांना सांगून झालंय. फक्त या माइकवरून कोणी बोललं नव्हतं.

शेठ, उठू नका. तुम्ही उठलात तर लोक भलता अर्थ काढतील. कोर्टात काय ठरायचं ते ठरेल. मी न्यायाधीश नाही, मी पाहिलं आणि ऐकलं तेवढंच सांगतो.

बाईंच्या वर्गात एक मुलगी होती. तिचं नाव मी घेणार नाही, घ्यायची गरजही नाही. वडिलांचा कान तिच्यात उतरला होता. बाई मला म्हणायच्या, हिला शिकवायला नको, हिच्या वाटेतून बाजूला झालं की पुरे. एकच खोट होती, वाजवताना मनगट खाली पडायचं. लहान मुलांचं पडतंच. त्या वर्षीच्या पालकसभेत घरची मंडळी आली, मुलीचं कसं काय म्हणून विचारलं. बाई म्हणाल्या, "फार गुणी आहे. मनगट तेवढं पडतं. जरा बघा."

आपल्याकडे मास्तरांनी "जरा बघा" म्हटलं की घरी गेल्यावर काय बघतात, हे मी इथे सांगायला हवं का? आपण सगळे त्यातूनच मोठे झालोय. मी स्वतः पाढ्यांपायी वडिलांचा पट्टा खाल्लाय, कारण गुरुजी म्हणाले होते, जरा बघा. बाईंचा जन्म इथला, पण त्यांचं सगळं शिकवणं मुंबईचं. त्यांना वाटलं, घरी कोणीतरी मुलीच्या शेजारी प्रेमानं बसेल आणि मनगट बघेल.

त्यानंतर मनगट पडायचं बंद झालं. हात असा सरळ, की वर पेला ठेवावा. त्या वर्षीच्या गॅदरिंगला ती याच व्यासपीठावर वाजवायला बसली. एक सूर चुकला नाही. तुम्ही टाळ्या वाजवल्या, मी वाजवल्या, अध्यक्षांनी शाबासकी दिली, आणि पितळी पाटी त्या दिवशी नुसती चमकत होती. मी विंगेत गेलो तर कुमुदबाई रडत होत्या. मला वाटलं, आनंदानं. त्या म्हणाल्या, "दयाराम, तो हात मेलाय. सूर सगळे आहेत, हात नाही त्यात."

पुढच्या तासाला त्यांनी तळवा पुढे केला. दे मला हात. मुलीनं ठेवला. बाई सांगतात, तळव्यावर सुकलेली फांदी ठेवावी तसा तो हात. खांद्यापासून बोटापर्यंत कुठेही भार सुटेना. त्यांना वाटलं, आपलंच शिकवणं कमी पडतंय. पायांखाली पाट बदलून पाहिला, स्टूल उंच केलं, खाली केलं, वाजवण्याआधी गोष्ट सांगून पाहिली. हात येईना.

मग एके दिवशी त्यांच्या लक्षात एक गोष्ट आली. तान संपली की ही मुलगी हात पट्टीवरून उचलायच्या आधी डावा हात उजव्या हाताच्या पाठीवर आणते, काहीतरी चिमटीत उचलते, बाजूला ठेवते, आणि मग हात उचलते. तिथे काहीच नसायचं. दर वेळी तेच. बाईंनी हळूच विचारलं, "काय उचललंस गं?"

ती म्हणाली, "सुपारी."

मंडळी, चौलच्या घरात सुपारीला काय तोटा. घरी रियाजाला बसलं की हाताच्या पाठीवर सोललेली सुपारी ठेवायची. कुठल्याशा परदेशी उस्तादाची मोबाइलवर पाहिलेली युक्ती, तिथे नाणं असतं, इथे वाडीतली सुपारी. सुपारी पडली की मनगटाखालून फुटपट्टी. वडिलांचं नाव राखायचं आहे ना? मग हात सरळ पाहिजे. हे रोज. आणि ती पोर हे इतकं मुकाट शिकली होती, की इथे हातावर काही नसतानाही ती सुपारी सांभाळत होती.

बाई त्या दिवशी पेटीच्या वर्गात येऊन माझ्यासमोर चटईवर बसल्या. मुलं सा लावून होती. मुलांसमोरच म्हणाल्या, "मी म्हटलं होतं, दयाराम. जरा बघा, असं मीच म्हटलं होतं." मुलांना काही कळलं नाही, ती सा लावून बसली होती ती तशीच बसली.

आम्ही दोघं कार्यकारिणीकडे गेलो. अजेयराव, तुम्ही चहा मागवलात, तुमचा स्वभाव मुळात चांगला आहे. पण तुम्ही म्हणालात, "बाई, तुम्ही सूर बघा. लोकांची घरं कशाला बघता?" आणि पुढच्याच आठवड्यात फळ्यावर नवा नियम लागला, की शिक्षकांनी विद्यार्थ्यांच्या अंगाला हात लावू नये. नियम तसा चांगलाच, बाहेरचं जग बघता हवाच. पण तो कोणत्या दिवशी लागला आणि कोणासाठी लागला? ज्या एका तळव्याला त्या पोरीचं दुखणं कळलं होतं, तोच बाजूला केला आपण. त्यानंतर बाई हात पाठीशी बांधून शिकवायच्या. पियानो शिकवणारी बाई, दूर उभी राहून, मनगट सोड गं, खांदा सोड गं, असं तोंडानं सांगणारी. पोहायला शिकवणारा काठावर उभा राहून ओरडतो ना, तसं.

मग मुलगी वर्गाला यायची बंद झाली. विहिरीच्या पायरीवर घसरली, असं कळवण्यात आलं. अलिबागच्या डॉक्टरांनी हाड बसवलं. ते कोणाला काही म्हणाले नाहीत, पण बाईंना एवढं म्हणाले, की पडताना माणूस तळवा टेकतो आणि हाड एका तऱ्हेनं मोडतं. हे तसं मोडलेलं नाही, हे खालून मोडलंय. बाई तिथून थेट पोलीस ठाण्यात गेल्या. वर्गात जे पाहिलं, जे ऐकलं, ते त्यांनी लिहून दिलं. "जरा बघा" हे स्वतःचं वाक्यसुद्धा लिहून दिलं. वगळलं असतं तर कोणाला कळलं असतं?

त्या उजव्या हाताची दोन बोटं आता मिटत नाहीत. मनगट अर्ध्यावर अडतं. पियानो संपला. हे मी सौम्य करून सांगू शकलो असतो, पण सौम्य करण्यासारखं त्यात काही नाही.

मुलगी सध्या काशीदला आजोळी आहे. कुमुदबाई दर रविवारी काशीदला जातात. तिथे पियानो नाही, जेवायचं टेबल आहे. त्या तिच्याशेजारी बसतात आणि तळवा पुढे धरतात. दे मला हात. परवा मी त्यांना विचारलं, बाई, आता वाजवायचं तर नाही तिला, मग कशासाठी? म्हणाल्या, "वाजवण्यापुरतंच कशाला? कोणाच्या तरी हातात भार सोडता आला पाहिजे की नको माणसाला?" मी विचारलं, देते का? म्हणाल्या, "अजून ठेवते नुसता."

श्रद्धाताई, दुसरी चिठ्ठी. ठीक. शेवटचंच बोलतो.

सोमवारी अलिबागला साक्ष आहे, मुलीच्या आईची. ती बाई अजून त्याच घरात राहते, कारण वाडीतला नवऱ्याचा हिस्सा आणि डोक्यावरचं छप्पर त्याच घरात आहे. पायरीवरून पडली असंच सांग, म्हणून तिला घरातून सांगणं आहे. आपल्यातल्या शहाण्यासुरत्यांनीही सांगितलंय. घरचं घरात राहू दे, मुलीचं पुढं लग्न व्हायचंय, पियानो काय आपल्या देवघरातला होता? ही वाक्यं मी ऐकलेली आहेत, आणि ती बोलणारी माणसं या सभागृहात बसली आहेत. कुमुदबाईंचा जबाब एकटाच उरला, तर तो घराबाहेरच्या एका बाईचा तर्क म्हणून बाजूला पडेल. आईनं काय म्हणायचं, हे मी या माइकवरून सांगणार नाही. तिला सांगणारे आधीच पुष्कळ झालेत.

मला फक्त एक निरोप द्यायचा आहे. कार्यक्रमपत्रिकेत छापलंय, कुमुदबाईंचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार महादेवशेठ यांच्या शुभहस्ते. कुमुदबाईंनी मला सकाळी सांगितलं, "दयाराम, शाल मी नलूच्या हातून घेईन. तिला नको असेल तर तिच्यावर राग नाही, मी तशीच जाईन. पण दुसऱ्या कोणाच्या हातून घेणार नाही."

आपल्या गावात अशा कामाला विधवा बाईला पुढे बोलावत नाहीत, हे मला ठाऊक आहे. मी बोलावतो आहे. नलूवहिनी, तुम्ही बायकांच्या बाजूला खांबाशी बसल्या आहात. नाही उठलात तरी चालेल. तुमच्यावर कोणाचा हक्क नाही, माझाही नाही.

पंखा जरा बंद करा कोणीतरी, आवाज फार येतो.

खुर्च्या सरकवा. वाट द्या त्यांना. ठमीआजी, तुमची पिशवी घ्या बाजूला. या वहिनी, पायरी उंच आहे, सांभाळून. ताट इकडे द्या श्रद्धाताई. त्यांच्याकडे द्या.

टाळ्या नकोत. थांबा जरा.

मागच्यांना दिसत नसेल म्हणून सांगतो. शाल घातली. नारळ दिला. कुमुदबाईंनी नारळ टेबलावर ठेवला आणि सवयीनं तळवा पुढे केला. नलूवहिनींनी त्यावर हात ठेवला आहे. मी इथे मागच्या बाजूला उभा आहे, मला वहिनींची पाठ दिसते. एवढी वर्षं या गावात त्यांना ये-जा करताना पाहतो, त्यांचे खांदे कायम कानांपाशी असायचे, मला वाटायचं त्यांची ठेवणच तशी आहे.

खांदे खाली आले.

बाई, आला का हात?

मान हलवतात. आला म्हणतात.

तर, मंडळी, मला बोलायची संधी दिल्याबद्दल संस्थेचे आभार. कदाचित ही शेवटची संधी असेल, म्हणून जरा जास्तच मानतो. कुमुदबाई, पियानोतला बल्ब मी रोज लावीन, वाजवायला कोणी असो वा नसो. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर वडीलधाऱ्यांनी पोटात घालावं अशी विनंती करायची रीत आहे. ती मी व्यासपीठाला करत नाही. आज काशीदला एका टेबलाशी बसलेली जी मुलगी आहे, तिची मी माफी मागतो, माझ्यातर्फे आणि तुमच्यातर्फे. ती द्यायची की नाही, हे तिनं ठरवावं.

सोमवारी सकाळची अलिबागची पहिली रिक्षा बंदरावरून सुटते. नलूवहिनींबरोबर मी असेन. आणखी कोणाला यायचं असेल तर या, जागा करून घेऊ.

नमस्कार.